वायरलेसवर केलेली प्रार्थना

आमची बटालियन त्या उन्हाळ्यात उत्तर काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर गेली. मी नायब सुभेदार होतो आणि माझ्या प्लॅटूनकडे एक पोस्ट होती. तिचं नाव सांगत नाही, कारण आजही तिथं जवान आहेत. वर उतार, खाली नाला, मध्ये एक अरुंद पट्टी. त्या पट्टीवर आमचे बंकर आणि लंगर, म्हणजे स्वयंपाकघर. नोव्हेंबरच्या शेवटी वाट बंद होते. मग बर्फ वितळेपर्यंत माणूस, पत्र, भाजी, काहीही वर येत नाही. हेलिकॉप्टर आलं तर आलं.

पुण्यात लोक मला विचारतात, तिथं रोज गोळीबार चालायचा का. नाही. तिथं रोज बर्फ उपसायचं असतं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन आपापल्या जागी उभं राहायचं. मग चहा, मग फावडी. दुपारी हत्यारांची सफाई. संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. दिवसातून ठरलेल्या वेळी कंपनी हेडक्वार्टरला वायरलेसवर रिपोर्ट. बस.

मी त्या पोस्टवर चढलो तेव्हा माझी बायको सुनीता जाऊन थोडेच महिने झाले होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. मला रजा मिळाली, विमान मिळालं नाही. पुण्यात पोचलो तेव्हा दफन उरकलं होतं. मुलीनं सांगितलं की चर्चच्या पाळकांनी प्लास्टिकच्या पोशाखात, लांब उभं राहून, चार वाक्यांत प्रार्थना केली. त्यांचाही इलाज नव्हता. मागे दुसरी गाडी उभी होती.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, पणजोबांपासून ख्रिस्ती. भालेराव हे आडनाव आणि गळ्यातला क्रूस एकत्र पाहून पुण्यात लोकांच्या कपाळाला आठी पडते. फौजेत ती कधी पडली नाही. फौजेत विचारतात, फायरिंग कसं आहे. लहानपणापासून मी प्रार्थनेशिवाय जेवलो नव्हतो. सुनीता गेल्यावर ते थांबलं. ठरवून थांबवलं नाही. ताट समोर आलं, मी जेवलो, एवढंच. देव नाही असं मला वाटत नव्हतं. आहे आणि त्यानं तिच्यासाठी काही केलं नाही, असं वाटत होतं.

प्लॅटूनमध्ये दुसरा ख्रिस्ती एकच होता. लान्स नायक आशीर्वाद तोरणे. आमचा सिग्नलवाला, वायरलेस सेट त्याच्या ताब्यात. राहणारा कात्रजचा. वडील लहानपणीच गेलेले, आई रत्नमालाबाई एका हॉस्टेलात स्वयंपाक करून घर चालवणारी. उंच, हाडकुळा, चहात साखर जरा जास्तच घालणारा.

रविवारी काम आटोपलं की तो माझ्या बंकरच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा.

"साहेब, उपासना. येताय?"

"नाही."

"बरं."

पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. त्यानं मला कधी समजावलं नाही, वाद घातला नाही. खालच्या सिग्नल बंकरमध्ये रॉकेलची शेगडी पेटवून, तिला आम्ही बुखारी म्हणतो, तो एकटाच गीतं म्हणायचा. मग शिपाई गणेश मोहिते तिथं जाऊन बसायला लागला. मोहिते साताऱ्याकडचा, घरी नुकतीच मुलगी झालेली. त्याचं म्हणणं, बुखारी पेटलेली असते आणि चहा मिळतो. आमचे हवालदार कांबळेही कधी कधी जायचे. ते पक्के जय भीमवाले. "देवबीव काही नाही, चहापुरता आहे मी," म्हणायचे आणि शेवटच्या आमेनपर्यंत बसायचे.

एकदा मी त्याला विचारलंच. सेटची बॅटरी बदलत होता तो. म्हटलं, "तोरणे, समोरून उत्तर येत नाही. तू रोज बोलतोस कशाला?"

त्यानं काम थांबवलं नाही. म्हणाला, "साहेब, समोरचा बोलत नाही म्हणून मी सेट बंद केला तर तुम्ही माझा चार्ज काढून घ्याल."

मी त्याला फालतू बोलू नकोस म्हटलं. तो "जी साहेब" म्हणाला.

फेब्रुवारीत बर्फ पडायला लागलं ते थांबेच ना. आठवडाभर समोरचा माणूस दिसत नव्हता. मग एका सकाळी ऊन पडलं. आकाश इतकं निळं की डोळे दुखावेत. अशा उन्हाला आम्ही सगळे घाबरून असतो. वरचं ताजं बर्फ खालच्या जुन्या बर्फावर नुसतं ठेवलेलं असतं, त्याला निमित्त लागतं.

मी सगळ्यांना वरच्या बंकरांत राहायचा हुकूम दिला. खाली फक्त सकाळचा रिपोर्ट द्यायला आशीर्वाद गेला, कारण रोजचा रिपोर्ट मोठ्या सेटवरूनच जायचा आणि तो सेट, त्याची अँटेना तिथंच होती. बर्फात कुणी एकट्यानं फिरायचं नाही हा नियम, म्हणून जोडीला मोहिते. रिपोर्ट द्यायचा, तिथला छोटा सेट घ्यायचा आणि परत यायचं, असं मी सांगितलं होतं. रिपोर्ट गेला. मी वर ऐकला. "ऑल ओके, ओव्हर अँड आउट." त्याचाच आवाज.

मग वरून एक जड धप्प असा आवाज आला. गर्जना वगैरे नाही. लोक सिनेमात ऐकतात तसं काही नव्हतं. मी बाहेर आलो तेव्हा पांढरा धूर उडत होता. धूर बसला तेव्हा सिग्नल बंकर नव्हता. तिथं उतार होता, गुळगुळीत, जणू कधी काही बांधलंच नव्हतं.

कांबळेंनी हजेरी घेतली. दोघं कमी. मी माझ्याजवळच्या दुसऱ्या छोट्या सेटवरून कंपनीला कळवलं. कंपनी कमांडर मेजर साहेब स्वतः नेटवर, म्हणजे सगळ्या सेटच्या सामायिक लाइनवर, आले. रेस्क्यू पार्टी खालून निघते आहे, म्हणाले. हेलिकॉप्टर खालच्या दरीतल्या ढगामुळे उडू शकत नव्हतं. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन आणि खाली ढग. रेस्क्यू पार्टीला चढून यायला दुपार उलटणार हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

आम्ही खणायला लागलो. कोसळलेलं बर्फ मऊ नसतं. थांबल्याबरोबर ते सिमेंटसारखं बसतं. फावडं आपटलं की मनगटापर्यंत झिणझिण्या. अँटेनाची तार एका जागी बर्फातून वर आली होती, तिच्या अंदाजानं आम्ही सुरुवात केली. ती आशीर्वादच्या बसण्याची जागा.

तेवढ्यात माझ्या छातीवरचा सेट खरखरला.

"साहेब, तोरणे बोलतोय. ओव्हर."

सगळ्यांची फावडी थांबली. मी विचारलं, "पोझिशन सांग."

"दोघंही आहोत. मोहिते माझ्या उजवीकडे, कोपऱ्यात. तिकडे छप्पर तिरकं अडकलंय, त्याच्याखाली पोकळी आहे. इकडे पूर्ण भरलंय. तुम्ही तारेजवळ खणताय का? आवाज येतोय."

"हो."

"तिथून सोडा, साहेब. नाल्याच्या बाजूनं, कोपऱ्यावर या. तिकडून लवकर होईल."

मी विचारलं, तुला लागलंय का. तो म्हणाला, ठीक आहे. सिग्नलवाला रिपोर्ट देतो तशा आवाजात म्हणाला. मी विश्वास ठेवला. जागा बदलली. त्या परिस्थितीत खालच्या माणसाला जे दिसतं तेच खरं मानायचं असतं आणि मी तेच केलं. आजही तेच करीन. पण त्यानं मला कुठं पाठवलं हे मला नंतर कळलं.

मेजर साहेबांनी नेटवर हुकूम दिला, "ऑल स्टेशन्स, नेट क्लिअर रखो. सिर्फ भालेराव साब और तोरणे बोलेंगे." त्यानंतर इतर सगळ्या पोस्टवरचे सेट गप्प झाले. पण ऐकत सगळे होते. पूर्ण कंपनी.

आम्ही आळीपाळीनं खणत होतो. बोटं बधिर झाली की मागच्यानं पुढं यायचं. मधूनमधून मी सेटवर हाक मारायचो, तो उत्तर द्यायचा. उत्तरं लहान होत गेली. मोहितेचा आवाज एकदाच आला, तो नुसता रडत होता. मग आशीर्वादनं विचारलं, "साहेब, नेट क्लिअर आहे?"

"आहे. बोल."

"उपासना राहिलीय. तुम्ही घेता का?"

माझ्या शेजारी कांबळे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हातातलं फावडं टाकून त्यांनी माझ्या हातातलंही घेतलं, एवढंच. म्हणजे आता बोला.

पाठ असलेलं काही आठवेना. लहानपणापासून तोंडात बसलेले सगळे शब्द कुठं गेले कळेना. मी बटण दाबलं आणि जे आलं ते बोललो.

"देवा, मी भालेराव. बरेच महिने बोललो नाही. का, ते तुला माहीत आहे. माझं भांडण मिटलेलं नाही. पण ही दोन पोरं खाली आहेत. त्यांना हवा पुरू दे. आमचे हात चालू दे. आणि काहीही झालं तरी त्यांना एकटं सोडू नकोस. हे तरी कर. आमेन. ओव्हर."

सवयीनं ओव्हर म्हटलं. क्षणभर खरखर झाली. मग त्याचा आवाज आला. हसत होता तो.

"आमेन. रॉजर, साहेब."

ते त्याचं शेवटचं बोलणं. पुढच्या हाकेला मोहितेनं उत्तर दिलं. सेट तोरणेनं माझ्याकडे सरकवलाय, म्हणाला. तोरणे झोपलाय. मी ओरडलो, त्याला झोपू देऊ नकोस, हलव. मोहिते म्हणाला, माझा हात पोचत नाही, साहेब.

दुपारी आम्ही कोपरा फोडला. मोहितेला खांद्याला धरून बाहेर ओढला. त्याच्या डोक्यावर दोन कानटोप्या होत्या, एक त्याची, एक आशीर्वादची. आशीर्वादपर्यंत पोचायला संध्याकाळ झाली. तोवर रेस्क्यू पार्टी आली होती. छताचा लोखंडी गर्डर त्याच्या मांड्यांवर होता. दोन्ही पाय पहिल्याच क्षणी गेले असणार, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्यानं आम्हाला स्वतःपासून दूर खणायला लावलं ते हे माहीत असताना. त्याच्या बाजूनं आलो असतो तर मोहिते हाती लागला नसता, आणि तोही नाही. हिशेब त्यानं बरोबर केला होता. मला विचारला मात्र नाही.

मोहितेनं मला नंतर सगळं सांगितलं. आशीर्वाद त्याला हळू श्वास घे म्हणायचा. तुझ्या मुलीचं नाव काय ठेवलंस, कुणी ठेवलं, आत्या भांडली का, असं विचारत राहायचा. वर कुणीतरी खणतंय, ऐक, म्हणायचा. माझी प्रार्थना संपल्यावर त्यानं सेट पुढं सरकवला आणि म्हणाला, आता तू बोल साहेबांशी, मी जरा पडतो.

मी प्रार्थना केली आणि तो मेला. हे मला कुणी दुसऱ्या शब्दांत सांगू नये. दोघांसाठी मागितलं होतं, एक मिळाला.

पार्थिव घेऊन मी पुण्याला आलो. कात्रजला त्याच्या गल्लीच्या तोंडापासून फ्लेक्स लागले होते. त्यांवर आशीर्वादचा फोटो लहान आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे मोठे. पांढऱ्या कपड्यांतले एक स्थानिक पुढारी माझ्याजवळ आले, हळू आवाजात विचारलं, "ख्रिश्चन आहेत, नाही का? मग मूळचे कुठले?"

"कात्रजचे," मी म्हणालो.

"नाही, म्हणजे त्याआधी?"

"त्याआधी आईच्या पोटातले."

ते फोटोसाठी पुढं सरकले. सलामीच्या फैरी झाल्या, बिगुल वाजला. रत्नमालाबाईंच्या हातात घडी घातलेला तिरंगा दिला तो मीच दिला. त्यांनी मला एकच विचारलं. शेवटी त्याच्याबरोबर कुणी होतं का. मी म्हणालो, मोहिते होता, आणि वायरलेसवर मी होतो. त्यांनी मान हलवली आणि झेंडा छातीशी धरला. चौकाला आशीर्वादचं नाव द्यायचं त्याच दिवशी माइकवरून जाहीर झालं. पाटी अजून लागलेली नाही.

दुसऱ्या वर्षी मी निवृत्त झालो आणि मुलीच्या कॉलेजच्या सोयीनं वाघोलीला फ्लॅट घेतला. बुधवारी संध्याकाळी रत्नमालाबाईंकडे प्रार्थना सभा असते. त्यांनी बोलावलं म्हणून पहिल्यांदा गेलो. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, दोन बसेस बदलून. दोन खोल्यांची जागा, सतरंज्या अंथरलेल्या, शेजारपाजारच्या बायका, एक रिक्षावाला, हॉस्टेलातल्या दोन मुली. पायाची बोटं कापलेला मोहितेही तिथं होता. लष्करी हॉस्पिटलात तपासणीला पुण्याला आला की तो तिथंच उतरतो. दाराजवळ खुर्ची टाकून बसतो, गीतं येत नाहीत, टाळ्या वाजवतो.

काही महिन्यांनी एका बुधवारी बाईंच्या सोसायटीचे चेअरमन आले. अतिशय सभ्य माणूस. चपला बाहेर काढून आले.

"आमचं वैयक्तिक काही नाही हो. वीरमाता म्हणून आपल्याबद्दल आदरच आहे. पण लोक विचारतात. ही रहिवासी इमारत आहे. आपण जरा आतल्या आत केलंत तर..."

मी म्हणालो, "आतल्या आतच चाललंय. दार तुम्ही वाजवलंत."

खालच्या पार्किंगमध्ये प्रजासत्ताक दिनाला रत्नमालाबाईंच्या हस्ते झेंडा फडकवला होता याच सोसायटीनं. शाल, नारळ, भाषण. भाषण याच गृहस्थांचं.

पुढच्या बुधवारी पोलीस चौकीतून एक हवालदार आला. तक्रार होती, इथं आमिष दाखवून धर्म बदलतात. त्यानं ओशाळ्या तोंडानं एकेकाला विचारलं. मोहितेच्या कपाळावर गंध होतं. त्याला विचारलं, तुला इथं कुणी आणलं. मोहिते आर्मीत उत्तर देतात तसा उठून उभा राहिला.

"ज्यानं आणलं तो आता नाही," तो म्हणाला. "हा त्याचा फोटो."

हवालदारानं फोटो पाहिला, टोपी काढली, चहा घेतला आणि गेला. तक्रार पुढं गेली नाही. पण दोन कुटुंबांनी यायचं बंद केलं. रिक्षावाल्याच्या बायकोनं त्याला शपथ घातली. हॉस्टेलातल्या मुलींना वॉर्डननं दम दिला. त्यानंतरच्या बुधवारी सतरंजीवर बाई, मी आणि भिंत. मोहितेही गावी गेला होता.

मी त्यांना म्हणालो, बंद करा हे. मी रागात होतो. म्हणालो, तुमचा मुलगा या लोकांसाठी बर्फात मेला आणि हे तुमच्या दाराशी पोलीस पाठवतात. आणि ज्याला तुम्ही हाक मारता त्यानं तरी काय केलं? मी स्वतः मागितलं होतं. सगळ्या कंपनीनं ऐकलं. नाही दिलं त्यानं.

बाई सतरंजीची कड सरळ करत होत्या. दुसरीही कड सरळ केली.

मग म्हणाल्या, "भालेराव, तुम्ही त्या दिवशी काय मागितलं होतं, मोहितेनं मला शब्दन् शब्द सांगितलंय. एकटं सोडू नकोस, म्हणालात. तो एकटा नव्हता. माझ्या पोराला जाताना घरच्या भाषेत प्रार्थना ऐकू आली. मी बर्फाच्या नावानं रोज रडते. पण तेवढं मला मिळालंय, ते मी परत देणार नाही."

"आणि माझा राग?"

"तो त्यालाच सांगा. बुधवारी इथं बसून सांगा. मीही सांगते. रागावलेल्या माणसाला त्यानं कधी दारातून परत पाठवलेलं मी ऐकलं नाही. सोसायटीचं माहीत नाही."

एवढं बोलून त्यांनी गीत सुरू केलं. दुसरं कुणी नव्हतं म्हणून मला म्हणावं लागलं. काही वर्षांनंतर म्हणत होतो. आवाज फाटका लागला, वरच्या मजल्यावरच्यांनी खिडकी आपटून लावली, तरी कडवी पुरी केली.

माझं समाधान झालंय असं नाही. सुनीता का गेली, मला कळलेलं नाही. आशीर्वाद का गेला, कळलेलं नाही. चौकातून जाताना अजून तोंड कडू होतं. पण बुधवारी मी जातो. ताट समोर आलं की डोळे मिटतो. आत काहीतरी धरून उभं आहे, त्याला विश्वास म्हणतात की नुसती सवय, हे पाळकांनी ठरवावं. त्याच्यामुळे मी सकाळी उठतो, एवढं मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात रिक्षावाला परत आला. बायकोला घेऊन आला.

आशीर्वादच्या थडग्यावर बाईंनी नाव, नंबर, पलटणीतला हुद्दा आणि खाली "पुनरुत्थानाच्या आशेत" एवढंच कोरून घेतलं. 'अमर रहे' नको म्हणाल्या. त्याच्या वाढदिवसाला आम्ही तिथं जातो. साताऱ्याहून मोहिते येतो, कांबळेही येतात.

मला तो बर्फाखालचा आठवत नाही. आठवतो तो त्याच्या आदल्या नाताळचा. रेशनचा पत्र्याचा डबा कापून त्यानं एक तारा केला होता आणि लंगरच्या छपराला टांगला होता. वाऱ्यानं तो पाडला. त्यानं पुन्हा टांगला. पुन्हा पडला, पुन्हा टांगला. मी लंगरच्या दारात उभा राहून पाहत होतो, मदत केली नव्हती. संध्याकाळी मोठी झुळूक आली आणि तारा उडाला तो सरळ नाल्यावरून पलीकडे, पाकिस्तानी पोस्टच्या बाजूला गेला. आशीर्वाद कमरेवर हात ठेवून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जाऊ दे, साहेब. तिकडेही कुणीतरी ड्यूटीवर असेलच."